सिरसाटांच्या बेचव दुपारी

देवमन सिरसाटांची चव गेली ती भादव्यातल्या एका गुरुवारी, आणि गेली तीही भरल्या वांग्यांच्या ताटावर बसलेले असताना. तीन दिवस अंगात ताप होता. चौथ्या दिवशी उतरला, अंघोळ झाली, आणि नवऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून वच्छलाबाईंनी मुद्दाम वांगी केली. पहिल्या घासाला देवमनरावांना वाटलं, बाई मीठ घालायला विसरली. दुसऱ्या घासाला वाटलं, मसालाही विसरली. तिसऱ्याला त्यांनी लिंबाच्या लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली. ओला पुठ्ठा चावावा तसं लागलं. कांदा फोडून नाकाशी धरला, तर डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. म्हणजे कांदा कांद्याचं काम चोख करत होता. बिघाड इकडेच होता.

आता एखाद्याची चव गेली तर गेली, लोक दोन महिने कुरकुरतात आणि गप्प बसतात. देवमनरावांची गोष्ट वेगळी होती. अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून. नोकरीत कधी नाव झालं नाही, कुठल्या पतसंस्थेवर निवडून आले नाहीत, चारचौघांत भाषण करायला उभे राहिले तर घसा बसायचा. पण जीभ! जठारपेठेच्या मागच्या अंगाला त्यांची जी गल्ली होती, तिथल्या एकाही लग्नाची भाजी गेल्या वीस वर्षांत त्यांनी चाखल्याशिवाय पंगतीत गेली नव्हती. आचारी वाटी भरून आणायचा, देवमनराव डोळे मिटायचे, मांडवातले लोक श्वास रोखायचे, आणि मग निकाल लागायचा : "धने उलसे जास्त झाले." हयातीत एवढाच एक मान त्यांच्या वाट्याला आला होता, आणि तो त्यांनी फार जपून वापरला होता.

"आज काई नावं नाई ठेवली?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"चांगली झाली," देवमनराव म्हणाले.

वच्छलाबाईंचा हात पोळीवर थबकला. एकोणतीस वर्षांच्या संसारात हा माणूस 'ठीक हाय'च्या पुढे गेला नव्हता. ताप डोक्यात गेला की काय म्हणून त्यांनी उलटा हात कपाळाला लावून पाहिला.

पंधरा दिवस वाट पाहून देवमनराव नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेले. कुणाला न सांगता, रुमाल तोंडाला बांधून. डॉक्टरांनी कापसाचा बोळा नाकाखाली धरला. "कशाचा वास येतोय?"

देवमनरावांनी नीट विचार केला. "कापसाचा."

कपाशीच्या मुलखात जन्म गेलेल्या माणसाचं हे उत्तर अगदीच चूक म्हणता येत नव्हतं, पण बोळा निलगिरीच्या तेलात बुडवलेला होता. डॉक्टरांनी तो टोपलीत टाकला आणि सांगितलं, की अशा तापानंतर होतं असं. सहा महिन्यांत येईल, वर्षात येईल, काहींची येतच नाही. औषध फारसं नाही. नाकाला आणि जिभेला काम देत राहा. तेच ते खाऊ नका, वेगवेगळ्या चवी घ्या, एखादी पकडेल.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची चिठ्ठी बघत बघत म्हटलं होतं. पण देवमनरावांची तेहतीस वर्षं परिपत्रकं वाचण्यात गेली होती. आलेल्या आदेशाची अंमलबजावणी करायची, एवढं त्यांना येत होतं. रोज दुपारी एक वेगळं हॉटेल आणि एक वेगळ्या मुलखाचं जेवण, असं त्यांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं.

घरी सांगावं की नाही, हा प्रश्न त्यांनी तीन दिवस मनात फिरवला. पण मुलीचा, प्रतीक्षाचा साखरपुडा मार्गशीर्षात अमरावतीला ठरला होता. मुलगा रोहित तिच्याच बँकेतला. बैठकीत रोहितचे वडील चार लोकांसमोर म्हणाले होते, "तुमच्या जिभेचं आमी मोर्शीपर्यंत आयकून हाओ, सिरसाटसाहेब. भाजी तुमी पास करा, आमी डोये मिटून जेवू." अशा वेळी जीभ बंद पडली आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि वच्छलाबाईला सांगायचं म्हणजे ती घाबरणार, मग तिच्या माहेरी फोन जाणार, मग काढे येणार, आणि काढ्यांच्या मागोमाग माणसं येणार. त्यापेक्षा दोन महिन्यांत जीभ दुरुस्त करून आणू, कुणाला कळणारही नाही, असा त्यांचा हिशेब होता.

राहिला घरून येणारा डबा. तो त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या जीवन गावंडेला दिला. जीवनचं बिऱ्हाड तेल्हाऱ्याला, हा इथं एका खोलीत राहायचा आणि दुपारी फरसाण खायचा. "डॉक्टरनं मले घरचं तेल बंद केलं," देवमनराव म्हणाले. घरचं तेल बंद करून हॉटेलचं चालू करणारा डॉक्टर कोणता, हे विचारण्याइतकी उसंत जीवनला नव्हती. त्यानं झाकण उघडलं होतं.

असा तो उद्योग सुरू झाला. पहिल्या दिवशी बसस्टँडजवळचं मद्रासी हॉटेल. सांबार म्हणजे कोमट पाणी, इडली म्हणजे त्या पाण्यात पडलेला स्पंज. दुसऱ्या दिवशी पंजाबी. काळी डाळ आणि नान. नान चावताना देवमनरावांना आपण पांघरूण खातो आहोत असं वाटलं, आणि वाढपी वर लोणी सोडून गेला तेव्हा ते पांघरूण ओलं झालं एवढाच फरक पडला. तिसऱ्या दिवशी चायनीज. त्या ठिकाणाचं नाव 'लाल ड्रॅगन' आणि ते चालवणारा गडी बार्शीटाकळीचा. लालभडक नूडल्सनी जिभेला काही कळवलं नाही, थेट कानांशी व्यवहार केला. कान तापले, टक्कल घामेजलं, आणि क्षणभर देवमनरावांना वाटलं की चव आली! पण ती चव नव्हती, नुसती आग होती. सिंधी हॉटेलात दाल-पकवान मागवलं तेव्हा पकवान दाताखाली कुर्रकन मोडलं, आणि त्या आवाजावरच ते इतके खूश झाले की आणखी एक मागवून नुसतं कुरकुरत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

नोंद ठेवल्याशिवाय काम झालं असं सरकारी माणसाला वाटत नाही. देवमनरावांनी एक छोटी वही केली होती, तिच्यात रकाने आखले होते : दिनांक, ठिकाण, पदार्थ, वास, चव, शेरा. ताट आलं की आधी ते खाली वाकून डोळे मिटून हुंगायचे, मग घास घ्यायचे, मग चष्मा लावून वहीत लिहायचे, 'वास : निरंक. चव : निरंक.' कोऱ्या चेहऱ्याचा, खिशाला पेन लावलेला एक मध्यमवयीन माणूस रोज दुपारी एकेका हॉटेलात जाऊन अन्न हुंगतो आणि वहीत लिहितो, ही बातमी हॉटेलवाल्यांत फिरायला कितीसा वेळ लागणार? तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या टेबलावरचं फडकं बदललं जाऊ लागलं. एका गुजराती थाळीवाल्यानं तर त्यांना हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीज उघडून दाखवला. देवमनरावांनी तिथंही हुंगून पाहिलं. निरंक.

तो थाळीवाला पुढच्या सोमवारी मिठाईचा डबा घेऊन कचेरीत आला आणि मोठ्यानं विचारता झाला, "ते हॉटेलं तपासणारे सिरसाटसाहेब कुठं बसतात?"

कचेरीत संध्यामॅडम नव्या आल्या होत्या, साहेब म्हणून. त्यांनी डबा परत पाठवला, थाळीवाल्याला पाठवलं, आणि हालचाल नोंदवही मागवली. वहीत गेला दीड महिना रोज दुपारी एक ते अडीच 'सिरसाट – शासकीय कामानिमित्त बाहेर' अशी सुवाच्य अक्षरातली नोंद होती.

"कोणतं काम, सिरसाट?" मॅडमनी विचारलं.

देवमनराव खाली बघत म्हणाले, "जेवण, मॅडम."

"दीड तास?"

"लांब जाऊन जेवतो."

तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, असा मेमो निघाला. खुलासा देवमनरावांनी चार वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. चौथ्यात असं होतं : 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर कर्मचारी वैद्यकीय सल्ल्यानुसार निरनिराळ्या प्रांतांचे भोजन घेत असून त्यात शासनाची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता.' मॅडमनी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नाकात गाठ असेल तर लिहून देतो, पंजाबी खाण्याचं प्रमाणपत्र मी आयुष्यात दिलेलं नाही. शेवटी सक्त ताकीद मिळाली, आणि तेहतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकाला जेवणाचा डाग लागला. लाच खाल्ली असती तर निदान लोकांनी हेवा केला असता.

यापुढे जेवणाच्या सुट्टीत, तीस मिनिटांत होईल तेवढंच. स्कूटरवर पळत जायचं, पळत यायचं. अशाच एका दुपारी ते जुन्या शहरात एका बिर्याणीच्या खानावळीत शिरले. चार बाकं, भिंतीला हिरवा रंग, आणि गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा. बिर्याणी आली, देवमनरावांनी हुंगली, खाल्ली, वही काढली. चाचा उठून समोर येऊन बसले.

"साहब, बाकी लोग बोलते आप महकमे से हो. मैं नहीं मानता. महकमेवाला खाते वक्त ऐसा उदास नहीं होता. कैसी लगी?"

का कोण जाणे, देवमनराव खरं बोलले. नाव माहीत नसलेल्या माणसाशी खरं बोलायला काही लागत नाही. "चाचा, मले काई कळतच नाई. दोन महिने झाले. वासबी नाई, चवबी नाई."

चाचांनी ताट बाजूला सरकवलं. "घर में बताया?"

"नाई."

"बीवी रोज पकाती है?"

"हो."

"और आप रोज कहते हो, अच्छा है."

देवमनरावांनी मान हलवली.

"तो साहब, बुरा मत मानना," चाचा उठत म्हणाले, "बीमार तो आप हो ही. मगर चोरी भी कर रहे हो."

त्या संध्याकाळी सांगायचं असं ठरवूनच देवमनराव घरी आले. पण वच्छलाबाईंची बहीण आली होती, ती नऊपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी गॅस संपला आणि बाई वैतागलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं, बोलायला जागाही होती, आणि नेमकी त्या दिवशी त्यांना हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता, आणि ती वेळ गेली. घडलं असं, की आठवड्यापूर्वी जठारपेठेतल्या एका नव्या कॅफेत देवमनराव इटालियन जेवण घ्यायला गेले होते. चालवणारी पायल नावाची मुलगी मोठी अदबशीर. "अंकल, तुमचा छोटासा व्हिडिओ घेऊ का?" म्हणाली. कुणी इतक्या नम्रपणे काही मागण्याची सवय नसल्यानं देवमनराव हो म्हणून बसले. त्यांनी पिझ्झ्याचा तुकडा तोंडात धरला, हात मागे घेतला, आणि चीजचा दोर तुटेचना. हात पुरता लांबला तरी तुटेना. तो दोर, त्याच्या एका टोकाला गंभीर चेहऱ्याचे देवमनराव, मागे गाणं, आणि खाली मजकूर : 'साठीतले काकासुद्धा आमच्या पिझ्झ्याचे दिवाने!' व्हिडिओ अकोलाभर फिरला. देवमनराव सत्तावन्न वर्षांचे होते. सगळ्या प्रकरणात त्यांना त्यातल्या त्यात हेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी शेजारचे ओमप्रकाशजी मोबाईल हातात धरून चहाला आले. ओमप्रकाशजी सहकारी बँकेतून रिटायर झालेले. दुसऱ्यांच्या घरातली दुरुस्ती हाच आता त्यांचा पूर्ण वेळेचा उद्योग.

"सिरसाटसाहेब, मी लहान भाऊ समजून सांगतो," त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे स्वयंपाकघरात नीट ऐकू जाईल इतपत. "घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्या. भाभीजींच्या हाताले आता पहिल्यासारखी चव राहिली नसन, उमर होते, सगळ्याच बायांचं होते. पण म्हणून माणसानं असं रोज हॉटेलात? माह्या साडूनं तुमाले चायनीजच्या इथं पाहिलं. व्याह्यानं सिंध्याच्या इथं. चार दिवस चिखलदऱ्याले घेऊन जा भाभीजीले. नाई तर सरळ बाई लावा स्वयंपाकाले!"

आत कढईवर काहीतरी आदळलं. ओमप्रकाशजींनी चहा संपवला आणि सत्कार्य केल्याच्या समाधानानं ते निघून गेले.

वच्छलाबाई शहाण्या होत्या. एक पिझ्झा म्हणजे एक पिझ्झा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्याच दिवशी भाजीबाजारात जीवन गावंडे भेटला आणि भर बाजारात त्यांच्या पाया पडला. "वहिनी, तुमच्या डब्यानं माहं दोन महिन्यात चार किलो वजन वाढलं. परवाची पातोडी तं अशी होती, का डोळ्यांत पाणी आलं! साहेब रोज देऊन देते मले. लय मोठं मन हाय साहेबांचं."

भांडण झालं असतं तर बरं होतं. वच्छलाबाई भांडल्या नाहीत. सोमवारी सकाळी नेहमीसारखा डबा भरला, वर कागदाची चिठ्ठी चिकटवली : 'जीवन गावंडे'.

"हे काय?" देवमनरावांनी विचारलं.

"ज्याचा हाय त्याले द्या. उद्या कढी-गोळे हायत म्हणा. तुमाले हाटेल हायच."

"वच्छला, तसं नाई —"

"मी काई म्हटलं का तुमाले?"

देवमनराव डबा घेऊन गेले, आणि दुपारी एका खानावळीत बसून कुठल्याशा प्रांताचं काहीतरी खाल्लं. वहीत नोंद केली नाही.

खरं वाईट त्यानंतर सुरू झालं. वच्छलाबाई मोबाईलवर बघून बघून पदार्थ करू लागल्या. गल्लीच्या टोकाला शकुनताई 'हॉटेलसारख्या भाज्या' शिकवायच्या, तिथं वही-पेन घेऊन जाऊ लागल्या. जिच्या हातची वांगी खायला भाचे-पुतणे बुलडाण्याहून यायचे, ती बाई पंचावन्नाव्या वर्षी ओढणीवाल्या पोरींमध्ये बसून ग्रेव्ही घट्ट कशी करायची ते उतरवून घेत होती. घरी येऊन करायच्या. एकदा फोडणी दिली की नाकाशी वाफ घ्यायच्या, ती मनाला आली नाही की ओतून द्यायच्या आणि परत कढई ठेवायच्या. संध्याकाळी ताट वाढलं की समोर उभ्या राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. देवमनराव घास घ्यायचे आणि चेहऱ्यावर आनंद आणायचे. आनंद आणण्याचा त्यांना सराव नव्हता. तो उशिरा यायचा, आणि आला की जायला विसरायचा. वच्छलाबाई ते बघायच्या, आत जायच्या, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज गरजेपेक्षा जास्त वेळ येत राहायचा.

एवढं बघूनही माणूस का बोलला नाही, असं कुणी विचारील. देवमनराव स्वतःला रोज विचारत होते. दोन महिन्यांपूर्वी जे एका वाक्यात सांगून झालं असतं, त्यासाठी आता साऱ्या दोन महिन्यांचा जाब द्यावा लागणार होता. साखरपुडा होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं.

अमरावतीला साखरपुड्याचा हॉल छोटा आणि टापटीप होता. दीपप्रज्वलन झालं, त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या. रोहितची आजी भागीरथाबाई पहिल्या रांगेत बसून प्रतीक्षाकडे कौतुकानं बघत होती. मागच्या अंगणात मोठ्या गंजात आलू-वांग्याची भाजी रटरटत होती. श्याम आचारी अमरावतीतला नावाजलेला. त्यानं कमरेचं फडकं सोडून हात पुसले, वाटीत भाजी घेतली आणि देवमनरावांसमोर आणून धरली. रोहितचे वडील, काका, दोन मामा, सगळे उठून आले. कुणीतरी म्हणालं, "थांबा, साहेब पाहून राह्यले."

देवमनरावांनी डोळे मिटले. सवयीनं वाफ आत ओढली. काही नाही. रस्सा तोंडात घेतला. गरम होता, एवढंच कळलं. नुसतं 'चांगली हाय' म्हणून वाटी परत दिली असती तरी निभावलं असतं, कारण भाजी, नंतर श्यामनं शपथेवर सांगितलं, अगदी जमलेली होती. पण देवमनरावांनी वीस वर्षांत एकदाही 'चांगली हाय' म्हटलेलं नव्हतं. एवढ्या लोकांसमोर आज म्हटलं तर संशय येणार! काहीतरी काढायलाच हवं होतं.

डोळे उघडून ते म्हणाले, "मीठ उलसं कमी वाटते."

श्यामनं त्यांच्याकडे बघितलं. त्याला तसं वाटत नव्हतं. पण एवढा नावाजलेला माणूस म्हणतो म्हटल्यावर त्यानं मूठ भरली, गंजात टाकली, ढवळली, आणि आणखी अर्धी टाकली.

पंगत बसली. रोहितच्या वडिलांनी दिल्या शब्दाप्रमाणे डोळे मिटून पहिला घास घेतला आणि ते डोळे बराच वेळ उघडले नाहीत. एका मामांनी पाण्याचा ग्लास संपवून शेजाऱ्याचाही संपवला. पाणीवाल्याला चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. भागीरथाबाईंनी घास पानाच्या कडेला काढून ठेवला आणि पुढं काय करावं ते न कळून बोळक्या तोंडानं नुसत्या बसून राहिल्या.

"कोण आचारी हाय बे हा?" कुणीतरी ओरडलं.

श्याम आतून आला. "माह्या नावानं बोंबलू नका! साहेबांनी सांगतलं मीठ टाका म्हणून. धा लोकं उभे होते तथी!"

सगळ्या माना देवमनरावांकडे वळल्या. त्यांच्या पानावर भाजी वाढलेली होती. काय करावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते जेवू लागले. पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. दुसरा मोडला. लोक बघत होते. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. वाटी रिकामी झाली, तरी ते बोटानं पुसून खात होते, आणि चेहऱ्यावर तो उशिरा आलेला, जायला विसरलेला आनंद होता.

वच्छलाबाई बायकांच्या पंगतीतून उठून आल्या होत्या. त्या भाजीचा घास त्यांनीही घेतला होता. त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तो कसा खातो आहे ते बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी त्याच्या हाताखालून पान ओढून घेतलं.

"पुरे."

"वच्छला —"

"पुरे म्हटलं न." त्या व्याह्यांकडे वळल्या. आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ह्यायची काई चूक नाई, दादा. श्यामभाऊचीबी नाई. ह्यायनं सांगतलं ते बरोबरच सांगतलं होतं. मागून मी गेली, मले वाटलं अजून टाकलं नाई, म्हणून मी दोन मुठी टाकल्या. माह्याच हातानं झालं."

श्याम आचाऱ्याचं तोंड उघडलं. वच्छलाबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ते मिटलं.

"होते असं," रोहितचे वडील म्हणाले. माणूस भला होता. "घाई-गडबडीत होऊन जाते, ताई." वरण-भात होता, बुंदी होती, त्यावर पंगत उरकली. पण हात धुताना बायकांत जे चाललं होतं ते देवमनरावांच्या कानावर आलं. मुलीची माय अशी हाय का? आलूवांग्यात दोन मुठी मीठ? मंग घरी काय खाऊ घालत असन?

परतीला भाड्याची गाडी होती. बडनेरा मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी पांढरीफेक फुटली होती. ड्रायव्हर पुढं होता, म्हणून दोघं बाहेर बघत हळू बोलत होती.

"कवापासून?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"भादव्यापासून. तापानंतर."

"वासबी?"

"वासबी."

"मले काहून नाई सांगतलं?"

देवमनरावांनी बरीच कारणं जमवून ठेवली होती. साखरपुडा, काढे, माहेरचे फोन. त्यातलं एकही बाहेर काढण्यासारखं वाटेना. "लाज वाटली," ते म्हणाले.

"मी समजत होती का माहाच हात गेला," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या शकुनच्या घरी पोरी हासत मले. जिरं भाजता नाई येत काकूले, म्हणे. मीबी मानलं. म्हटलं, ज्याची जीभ साऱ्या अकोल्यात चालते, तो आपला डबा लोकाले देऊन देते, म्हणजे आपल्यातच खोट हाय."

देवमनरावांनी खिडकीची काच वर केली.

"आता तिकडच्या बाया मले जन्मभर मिठावरून बोलतीन," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

"मी उद्याच व्याह्याले फोन करतो. खरं सांगून देतो सारं."

"काई नको. पोरीच्या तोंडावर कशाले अजून तमाशा? एकाचं नाव गेलं, तेवढं पुरे."

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्या म्हणाल्या. रस्त्याकडेला एक साधा ढाबा होता, बाहेर लोखंडी टेबलं, आत भट्टी. ड्रायव्हर चहाला गेला. वेटर कार्ड घेऊन आला आणि रीतीप्रमाणे देवमनरावांपुढे ठेवलं. त्यांनी ते वच्छलाबाईंकडे सरकवलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूही वाचली, आणि दाल फ्राय आणि रोटी सांगितली.

ताट आलं. वच्छलाबाईंनी घास घेतला आणि चावत राहिल्या. देवमनराव बघत होते. त्यांनी विचारलं, "कशी हाय?"

"मीठ बरोबर हाय. टमाटर कच्चं रायलं." त्यांनी आणखी एक घास घेतला. "लसूण करपला. तुमी असते तं वाटी परत धाडली असती."

"मी आहो न इथं," देवमनराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी वर बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी चवीचा निकाल न शोधता नवऱ्याचा चेहरा नीट बघितला. तो सुकला होता, गालफडं आत गेली होती, दाढीचे खुंट पांढरे झाले होते.

"हो," त्या म्हणाल्या, आणि दालीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "जेवा."